दादांना एकेरी हाक मारणारी

विम्याचे दावे तपासण्यात ज्याचे उभे आयुष्य गेले, त्याच्याकडून अनाकलनीय अनुभवांच्या या सदरासाठी मजकूर यावा, याचे मलाच नवल वाटते. आगीत माल जळाला असे कोणी लिहून दिले, की आधी राख पाहायची, मग माणूस पाहायचा, आणि दोघांवरही विश्वास ठेवायचा नाही — ही माझी नोकरी. या सदरातले अनुभव मी आजवर त्याच नजरेने वाचले. सांगणारा खोटे बोलतो असे मी कधी म्हटले नाही. परंतु त्याच्याकडून काहीतरी तपासायचे राहून गेले असणार, अशी माझी खात्री असे. आता मी स्वतः लिहायला बसलो आहे, आणि माझ्याकडून काय तपासायचे राहिले ते मला सापडत नाही...

हकीकत घाटकोपरची आहे. माझे थोरले बंधू विश्वनाथ — घरात, शेजारी, सगळीकडे ते ‘दादा’ — तारखात्यातून निवृत्त होऊन वहिनींसह तिथे राहतात. त्यांना मूलबाळ नाही. मी मुलुंडला असतो. आमची आई गेली तेव्हा मी नुकता बोलू लागलो होतो. दादा माझ्याहून बरेच मोठे, तेव्हा शाळेत जाणारे. आईचा चेहरा मला आठवत नाही. तिचे छायाचित्र कोणी काढले नव्हते. वडील अबोल होते. मला वाढवले ते गावाकडच्या आत्याने, आणि खरे म्हणजे दादांनीच. म्हणून मी त्यांना आजही ‘तुम्ही’ म्हणतो.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर दादा न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. घराजवळच्या एका धर्मादाय इस्पितळात त्यांना ठेवले. पाय उचलून धरलेला, त्याला दोरीने वजने टांगलेली, आणि महिना-दीड महिना असेच उताणे पडून राहायचे, असा तो उपचार. पुरुषांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. दादांची खाट अगदी टोकाला. डोक्याशी भिंत, डाव्या हाताला गजांची खिडकी. खाट आणि खिडकी यांच्यामध्ये एक स्टूल जेमतेम मावेल एवढीच जागा. खिडकीबाहेर सज्जा नाही, झाड नाही. खाली मोकळे आवार आणि दूरवर मिठागरांचे पांढरे ढीग. उजव्या हाताच्या खाटेवर परब नावाचे कुर्ल्याच्या एका गिरणीतले जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते. त्यांचा पाय यंत्रात सापडला होता; जीभ मात्र शाबूत होती. ही जागा मी इतक्या तपशिलाने का सांगतो आहे, ते पुढे कळेल.

पहिले काही दिवस बरे गेले. मग ताप चढला, आणि त्याबरोबर दादांना वात झाला. चादरीवरून अदृश्य मुंग्या वेचू लागले. लोखंडी कठड्यावर बोटाने तारेची कट्ट-कडकट्ट वाजवीत राहिले. वहिनींना ते ओळखीनात, मला म्हणाले, “साहेब, लाइन बंद आहे, उद्या या.” पायाची वजने ओढून उठायची धडपड तर सारखी चाललेली.

डॉक्टर आडदांड, मोठ्या आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी वहिनींना आणि मला खाटेशीच उभे करून सुनावले.

“याला आम्ही डिलिरियम म्हणतो. वेड नव्हे हे. ताप, वेदना, परकी जागा, उतारवय — सगळं एकदम आलं की माणूस डोक्यातल्या डोक्यात वाट चुकतो. आता दोनच गोष्टी मला करता येतात. यांचे हात बांधायचे, नाहीतर तुमच्यापैकी कोणाला तरी इथं बसवायचं. हात बांधले की हे लोक जास्त बिथरतात. म्हणून भेटीच्या वेळेचा नियम मी तुमच्यापुरता बाजूला ठेवतो. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घरचं माणूस इथं पाहिजे.”

“बसून करायचं काय?” मी विचारले.

“चष्मा लावून द्यायचा. कवळी घालायची. घरचं घड्याळ, घरचं भांडं आणून ठेवायचं. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, पाय का बांधलाय — शंभरदा विचारलं तर शंभरदा सांगायचं. मुंग्या दिसतात म्हणाले तर वाद घालायचा नाही, आणि हो हो पण म्हणायचं नाही. आणि मुख्य म्हणजे नावानं हाक मारायची. ओ देईपर्यंत मारायची. ज्यानं ओ दिली तो इथं आहे असं समजा.” मग ते वहिनींकडे वळले. “काय नाव यांचं?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिले.

“विश्वनाथ,” मी म्हणालो.

“त्यांना सांगू द्या. हं बाई, म्हणा — विश्वनाथ, आज बुधवार आहे.”

वहिनींनी पदर पुढे ओढून घेतला. पलीकडच्या खाटेवर परब खुसखुसले. “डाक्टरांनू, बायको घोवाचा नाव घेता काय कधी? उखाणो घेवक सांगा!”

“मग तुम्ही मारा,” डॉक्टर मला म्हणाले.

“मी त्यांना दादा म्हणतो.”

“अहो, इथल्या निम्म्या वॉर्डाला कोणी ना कोणी दादा म्हणतं! त्यातून यांनी आपली हाक कशी ओळखायची?” आणि जाता जाता सांगून गेले, “वजनं ओढून उभे राहिले तर ते हाड पुन्हा जुळायचं नाही. आणि डोकं असंच राहिलं तर मला यांना वेड्यांच्या इस्पितळात धाडावं लागेल. या वयाचा माणूस तिथून घरी आलेला मी तरी पाहिला नाही.”

त्या संध्याकाळी वहिनी खाली गेलेल्या पाहून मी दादांच्या कानाशी वाकलो. ‘विश्वनाथ’ हा शब्द जिभेवर येईना. शेवटी म्हणालो, “विश्वनाथराव.” तो आवाज एखाद्या पक्षकाराला बोलावल्यासारखा निघाला. दादांनी माझ्या आरपार पाहिले. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणारे एकही माणूस आता हयात नाही. आई, वडील, आत्या... सगळी गेली. उरलो आम्ही, दादा म्हणणारे, भावजी म्हणणारे आणि ‘अहो’ म्हणणारी.

मग असे ठरले, की दिवसभर वहिनींनी बसावे आणि कचेरी सुटल्यावर मी यावे. वहिनी सगळे नेमाने करीत. वार सांगत, जागा सांगत, पाण्याचे भांडे हातात देत. फक्त हाक मारीत नसत. “ऐकलंत का,” एवढेच.

काही दिवसांनी डॉक्टरांनी मला जिन्यात अडवले. “अशा रोग्यांची संध्याकाळ सगळ्यात वाईट जाते. तुमच्या बंधूंचं उलट आहे. दिवसभर गोंधळ; दिवे लागले की शांत, दूध पितात, हसतात. त्या वेळी कोण असतं जवळ? त्यांनाच दिवसभर बसवा.”

त्या वेळी जवळ कोणीच नसे. वहिनी भांडी घेऊन मोरीकडे गेलेल्या असत आणि मी अजून पोचलेला नसे. मी गेलो तो दादा झोपलेले, दुधाचा पेला रिकामा, आणि मोकळ्या पावलाखाली पांघरूण दोन्ही बाजूंनी घट्ट खोचलेले. लहान मुलाने रात्री पांघरूण लाथाडू नये म्हणून खोचतात, तसे. वहिनींची ही पद्धत नव्हती. सिस्टरना तर तेवढी सवडच नव्हती.

“परब,” मी विचारले, “संध्याकाळी इथं कोण येतं?”

“तुमची ती बाई येता मां,” परब म्हणाले.

“वहिनी?”

“वहिनी न्हय हो. वहिनी भांडी घेऊन गेली काय मग ती येता. मी डोळे मिटून पडलेलो आसतंय, पण कान उघडे आसत माझे. ‘अरे विसू’ म्हणता. एकदम अरे-तुरे! आणि हे लगेच ‘ओ’ म्हणतत, लहान झिलासारखे. दूध पी म्हटला की पितत.” ते जरा जवळ सरकले आणि डोळा बारीक करून म्हणाले, “कोण सोयरी तुमची? आवाजात जरब आसा हां.”

मी घरी गेलो, पण रात्रभर झोपलो नाही. ‘विसू’ हे नाव मी लहानपणी आत्याच्या तोंडून ऐकले होते, आणि दादांच्या लग्नाआधीच आत्या गेली. हे नाव जाणणारी, माझ्या साठीच्या बंधूंना अरे म्हणणारी, आणि नेमकी वहिनींची पाठ वळली की येणारी ही बाई कोण? दादांची नोकरी बदल्यांची होती. कुठल्या कुठल्या ठाण्यांवर त्यांनी एकट्याने वर्षे काढली होती. माझे मन तिथवर गेले, आणि तिथेच घुटमळत राहिले. ज्यांनी मला हाताला धरून शाळेत नेले, त्यांच्याविषयी मी हे मनात आणले. लिहिताना लाज वाटते. परंतु ते वगळले तर हकीकत खरी राहणार नाही.

सिस्टरना विचारले तर त्या वैतागल्या. “संध्याकाळी किती लेडीज लोक येतात इथं! मी कोणाकोणाचं तोंड बघत बसू?”

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून लवकर निघालो. वॉर्डाच्या दाराला अर्धी जाळी होती. तिच्याआड उभा राहिलो. उजेड पिवळा पडत चालला होता. वहिनी मोरीकडे गेल्या नव्हत्या, दादांच्या खाटेवर वाकल्या होत्या. त्यांचा उजवा तळवा दादांच्या तोंडावर होता आणि त्या तो सगळा जोर लावून दाबीत होत्या. दादांचे डोळे विस्फारलेले. मानेच्या शिरा ताणलेल्या.

मी धावलो आणि त्यांचा हात ओढून काढला. त्यांना व्हरांड्यात आणले.

“वहिनी, हे काय करत होता?”

त्यांचा श्वास लागला होता. “त्यांना ओ देऊ द्यायची नाही, भावजी.”

“कोणाला?”

“ती मारते ना हाक, तिला. काल मी पेला विसरले म्हणून मधूनच परत आले, तेव्हा पहिल्यांदा कानांवर आली. आज मुद्दाम गेलेच नाही. ‘विसू, अरे विसू’... दिसत कोणी नाही. हे ओ देतात, आणि असे हसतात, की मी इतक्या वर्षांत ते हसू पाहिलं नाही. डॉक्टर म्हणतात बरं वाटतंय. मला नाही तसं वाटत. रोज थोडे थोडे तिकडे चाललेत ते.”

“तुम्ही दमला आहात,” मी म्हणालो. “रोग्याबरोबर दिवसभर बसून बसून तुम्हालाही भास व्हायला लागलेत.”

“परबांना पण भास होतो का?”

मी कठोर झालो. “एवढीच काळजी आहे तर तुम्ही मारा ना नावानं हाक! डॉक्टर पहिल्या दिवसापासून तेच सांगतायत.”

त्या जमिनीकडे पाहत म्हणाल्या, “नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य तुटतं, असं शिकवलंय आम्हाला. तुम्हाला हसू येईल. पण आताच, या अवस्थेत, माझ्या तोंडून नाव गेलं आणि त्यांचं काही झालं तर... मी काय करू, सांगा.”

मला हसू आले नाही, परंतु विश्वासही बसला नाही. मी काय पाहिले होते? थकलेल्या बायकोचा हात आणि त्याखाली नवऱ्याचे तोंड. बाकी सगळे ऐकीव. माझ्या धंद्यात अशा वेळी ऐकीव बाजूला ठेवतात. मी डॉक्टरांना जाऊन पाहिले तेवढे सांगितले. ते म्हणाले, “रोग्याचं तोंड दाबणारं माणूस मला खाटेजवळ नको. उद्यापासून तुम्ही बसा.”

वहिनींनी काही वाद घातला नाही. “चष्म्याची उजवी काडी सैल आहे, तेवढी जपा,” एवढे सांगून त्या बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी रजा घेऊन मी सकाळपासून दादांपाशी बसलो. दिवस फार वाईट गेला. त्यांनी पाण्याचे भांडे फेकले, मला चोर म्हणाले, वजनांची दोरी पकडून ओढू लागले. मी शंभरदा सांगितले — दादा, आज शुक्रवार, हे इस्पितळ, तुमचा पाय मोडलाय, मी मधू. “मधू लहान आहे,” ते म्हणाले. “तो घरी असेल.”

दिवे लागायची वेळ झाली. खिडकीतून मिठागरांवरचा उजेड मावळताना दिसत होता. भेटीला आलेले लोक जिन्याकडे जाऊ लागले होते. मी स्टूल मुद्दाम खिडकी आणि खाट यांच्या मधल्या जागेत ठेवले होते. कोणी बाई यायचीच तर तिला माझ्यासमोर उभे राहावे लागले असते. दादांचा हात मी हातात धरला होता.

“विसू.”

हाक माझ्या पाठीमागून आली. पाठीमागे खिडकीचे गज होते. आवाज दुरून आलेला नव्हता. गोडही नव्हता, भीतिदायकही नव्हता. थोडा खरखरीत, हातातले काम न थांबवता मुलांना घरात बोलावणाऱ्या बाईचा असतो तसा. मी वळून पाहिले. गज, त्यापलीकडे आभाळ.

“अरे विसू!”

“ओ,” दादा म्हणाले. आणि हसले. वहिनी म्हणाल्या होत्या तसेच.

मग जरा थांबून, जणू दुसऱ्या कोणाला शोधीत असावी अशा सुरात, तोच आवाज म्हणाला, “आणि धोंडू?”

दादांचे तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर होते आणि मी त्यांच्याकडेच पाहत होतो. त्यांचे ओठ हललेले नव्हते. मी वॉर्डभर नजर फिरवली. मनात एवढेच आले, की हिचा आणखी कोणी माणूस इथे आहे की काय? हा धोंडू कोण? कोणत्याही खाटेवरून कोणी ओ दिली नाही.

त्याच क्षणी दादा उठले. त्या ताकदीची मला कल्पना नव्हती. दोन्ही हातांनी कठडा धरून त्यांनी धड वर ओढले, वजने एकमेकांवर आदळली. मी त्यांच्या खांद्यांना मिठी मारली. “दादा! दादा, उठू नका! दादा!” माझी हाक त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. ते माझ्या खांद्यावरून खिडकीकडे पाहत होते आणि म्हणत होते, “आलो, आलो.”

“धरा त्यांका! सिस्टर!” परब ओरडले.

दारातून वहिनी आल्या. त्या घरी गेल्याच नव्हत्या. दिवसभर व्हरांड्यातल्या बाकावर बसून होत्या, हे मला मागाहून कळले. खाटेच्या पायथ्याशी त्या येऊन उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरून ढळला होता. त्यांनी डोळे मिटले, आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा मोठ्या आवाजात हाक मारली —

“अहो... विश्वनाथ! विश्वनाथ! इकडं बघा!”

दादांची मान हळूहळू खिडकीकडून वळली. माझ्या मिठीतले त्यांचे अंग सैल पडत गेले. त्यांनी वहिनींकडे पाहिले. आधी ओळख नव्हती, मग नवल, आणि मग चक्क संकोच.

“ओ,” ते म्हणाले. “अगं, किती मोठ्यानं... लोक आहेत.”

वहिनी मटकन खाली बसल्या आणि पायथ्याचा कठडा धरून रडू लागल्या. ती दुसरी हाक पुन्हा आली नाही. त्या दिवशीही नाही, आणि पुढे दादा तिथे होते तोवरही नाही.

सिस्टरनी वजने पुन्हा नीट बांधली. हाड सरकले नव्हते. रात्रभर दादा गाढ झोपले आणि सकाळी त्यांनी पहिली तक्रार केली ती इस्पितळाच्या चहाची. मग माझ्या कानाशी लागून म्हणाले, “मधू, काल हिनं मला नावानं हाक मारली. या वयात मड्डम झाली बघ!” मला त्यांच्या पायांवर डोके ठेवावेसे वाटले, पण एक पाय दोरीला होता.

डॉक्टरांनी वहिनींना पुन्हा खाटेजवळ बसवले आणि स्वतःवरच खूश होऊन म्हणाले, “मी काय सांगितलं होतं? नावानं हाक मारा!” त्यांचे खरेच होते. त्यांना इतर काही सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

मी वहिनींची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “तुम्ही पाहिलं ते सांगितलंत. तोंड मी दाबलं होतंच.” त्यानंतर त्यांनी सोमवार धरले आहेत. नाव घेतल्याबद्दल. दादा हसतात, त्या सोडत नाहीत.

परबांनी मात्र मला सोडले नाही. “काय हो, धोंडू कोण तुमचो?”

“आमच्यात धोंडू कोणी नाही.”

“मग ती कोणाक इचारी होती? माका सपष्ट ऐकाक इला.”

मी सिस्टरना विचारले. वॉर्डात धोंडू नावाचा रोगी नव्हता, आधीच्या दिवसांतही नव्हता. वॉर्डबॉय, भंगी, जेवण आणणारे, कोणाचेच ते नाव नव्हते. मी तो मुद्दा अनुत्तरित म्हणून मनात बाजूला ठेवला. माझ्या नोकरीत असे एखाद-दुसरे कलम प्रत्येक दाव्यात उरते.

उन्हाळ्यात मी घाटकोपरला गेलो होतो. दादा काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागले होते. इस्पितळातले त्यांना काहीही आठवत नाही. कोणी हाक मारल्याचेही नाही. वहिनी वाती वळत होत्या. शेजारच्या बिऱ्हाडात बारसे होते. त्या बाईची आधीची मुले जगली नव्हती, म्हणून मुलाचे नाव दगडू ठेवल्याचे वहिनी सांगत होत्या.

“तुझंही तसंच होतं की,” दादा सहज मला म्हणाले.

“माझं काय?”

“आपल्या दोघांमधली भावंडं वाचली नाहीत ना. तू झालास तेव्हा कोणाची नजर लागू नये म्हणून आईनं तुझं नाव धोंडू ठेवलं. तीच एकटी म्हणायची. ती गेल्यावर आत्यानं मधुसूदन केलं, आणि वडील म्हणाले, ते जुनं नाव पुन्हा घरात काढायचं नाही. मीही काढलं नाही. आज एकदम आठवलं.”

वहिनींच्या हातातली वात तशीच राहिली. इस्पितळातले मी त्यांना सगळे सांगितले होते, ते नावसुद्धा. दादांना त्यातले अवाक्षरही सांगितलेले नव्हते.

दादा आत गेल्यावर त्या हलकेच म्हणाल्या, “बरं झालं भावजी, तुम्ही ओ दिली नाहीत.”

असेलही. या हकीकतीची मी कितीदा छाननी केली आहे. वातात दादांनीच कधीतरी ते नाव उच्चारले असेल, म्हणावे, तर त्या वेळी त्यांचे ओठ मिटलेले मी पाहिले आहेत. माझ्याच मनाचा खेळ म्हणावे, तर परबांनी ते ऐकले आहे, आणि परबांना आमच्या घरातले काहीच ठाऊक नव्हते. ती आई होती असे म्हणायलाही माझी जीभ धजत नाही. आई असती तर मोडक्या पायाच्या मुलाला उठून ये म्हणाली असती का? आणि आई नव्हती, तर माझे ते नाव तिला कोणी सांगितले? वहिनींना एका बाजूची खात्री आहे. मला कोणत्याच बाजूची नाही, आणि आता ती होईल असेही वाटत नाही.

एवढेच ठाऊक आहे, की आईचा आवाज मला आठवत नाही. जो ऐकला तो तिचा असेल, तर सगळ्या आयुष्यात तिने मला मारलेली, माझ्या स्मरणातली ती एकच हाक. ती माझ्या पाठीशी उभी राहून मला विचारीत होती, आणि मी वॉर्डभर दुसऱ्याच कोणाला तरी शोधत होतो.